मॅट्रिक्सचा विनोद आणि किब्ल्याची सुई

रँडल मन्रो यांच्या 'एक्सकेसीडी' या इंग्रजी चित्रमालिकेतला एक विनोद बारावी सायन्सच्या भाच्याने सानगडीला मोबाइलवर दाखवला. ९० अंश फिरवणारी मॅट्रिक्स, तिच्यापुढे उभ्या कंसात दोन संख्या. गुणाकार करायचा. उत्तराच्या जागी तीच जोडी, कंसासकट कागदावर आडवी पाडलेली! भाचा हसला नाही. "मामू, कोसाइन ९० शून्य, साइन ९० एक. पण पुढे?"

किंमती घातल्या की वरच्या ओळीत ० आणि १ उरतात, खालच्या ओळीत उणे १ आणि ०. पोरं या ओळी पाठ करतात. मी त्याला उभे स्तंभ वाचायला लावले. पहिला स्तंभ सांगतो, पूर्वेकडचं एक पाऊल आता कुठे गेलं: दक्षिणेला. दुसरा सांगतो, उत्तरेकडचं पाऊल कुठे गेलं: पूर्वेला. मग त्याला अंगणात तीन पावलं पूर्वेला आणि एक उत्तरेला चालवलं. हाच सगळा रस्ता उजवीकडे काटकोनात वळवला तर तीन पावलं दक्षिणेला आणि एक पूर्वेला. म्हणजे (३, १) चं झालं (१, −३). खरं उत्तर हे. विनोदात रस्ता वळवायचा सोडून रस्त्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठीच फिरवली आहे.

हा फरक आपल्याला रोज भेटतो. किब्ला दाखवणारं ॲप उघडा. फोन ९० अंश उजवीकडे वळवला की पडद्यावरची सुई ९० अंश डावीकडे जाते. मक्का तिथेच असतं. बघणारा वळला की आकडे उलट दिशेने फिरतात. म्हणूनच ते उणे चिन्ह एका पुस्तकात वर दिसतं, दुसऱ्यात खाली. (सानगडी आणि मक्का जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, तरी किब्ला पश्चिमेपासून साधारण ८ अंश उत्तरेला झुकतो. पृथ्वी गोल असल्याची ती करामत.)

विनोद समजावला की मरतो म्हणतात. मला हे पटत नाही. ज्याला तो कळलाच नाही त्याच्यासाठी तो जिवंत कधी होता? आपल्या जलशांत अल-ख्वारिज्मीचं नाव हमखास निघतं. नवव्या शतकातलं बगदाद, 'अल-जब्र' वरून आलेला अल्जेब्रा, मग टाळ्या. अभिमान रास्त आहे. पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जण संध्याकाळी घरातल्या पोराजवळ वही घेऊन बसतात? दहावीला मराठीत 'निश्चयक' शिकलेलं पोर अकरावीत 'डिटर्मिनंट' ऐकून गांगरतं. ही तीच जुनी ओळखीची गोष्ट आहे, एवढं एक वाक्य त्याला कुणी सांगत नाही. मग ते ठरवून टाकतं की गणित आपल्यासाठी नाही. पालकही मान डोलावतात, याचा मला जास्त राग येतो.

भाचा शेवटी हसला, पण उशिरा, जेवताना. आता त्याला ४५ अंशांची मॅट्रिक्स चालून बघायची आहे. ०.७०७ पाऊल अंगणात टाकायचं कसं, यावर आमचा वाद चालू आहे.