कॉम्प्युटरचा पाणवठा

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॉम्प्युटरच्या खोलीवर नियमांचा कागद डकवलाय. कॉम्प्युटर फक्त ‘शैक्षणिक व संशोधनविषयक कार्यासाठी’ वापरावा. वैयक्तिक काम करू नये. अर्ज भरू नयेत. एका वेळी अर्धा तास. पेनड्राइव्ह लावू नये. शेवटी दम : ओळखपत्र जप्त होईल.

सगळ्याच कागदाला माझा विरोध नाही. रांगेत दहा जण उभे असताना कुणी गेम खेळत बसला तर त्याला उठवलाच पाहिजे. दुसऱ्याच्या पासवर्डनं घुसणं, पोरींना घाण मेसेज धाडणं, याला आम्ही स्वातंत्र्य म्हणत नाही. पण दोस्तहो, ‘शैक्षणिक’ या शब्दाचा अर्थ लावणार कोण? खरी गोची तिथं आहे.

भारत सरकारची शिष्यवृत्ती घ्या. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, सगळं स्कॅन करून चढवायचं. शेवटची तारीख आली की साइट मान टाकते. शिष्यवृत्ती अडली की फी अडते, फी अडली की वरची पायरी अडते. आणि हा अर्ज म्हणे वैयक्तिक काम! मग पोरगं जातं गेटाबाहेरच्या सायबर कॅफेत. तिथं अर्जामागं पैसे, प्रिंटमागं पैसे. मेसचे पैसे तिथंच संपतात. ज्याच्या घरी लॅपटॉप आणि वायफाय आहे, त्याला हा नियम चाटूनही जात नाही. तो घरात लोळत अर्ज भरतो, वर सिनेमाही बघतो. नियम सर्वांना सारखा, पण चटका फक्त वस्तीतून आलेल्याला.

‘मोबाइल आहे ना सगळ्यांकडे?’ असं एक साहेब म्हणाले. आहे. फुटक्या काचेचा. त्यावर प्रबंधाचं एक पान टाइप करून दाखवा साहेब, तळटीपांसकट.

दुसरी गोष्ट गाळणीची. खैरलांजीवर वाचायला बसलो होतो. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, भोतमांगे कुटुंबातले चार खून. पडद्यावर पाटी आली : ‘हिंसाचार. प्रवेश नाही.’ काउंटरवर विचारलं तर म्हणे सिस्टिम आहे, आम्ही काय करणार. च्यायला, आमच्यावरची हिंसा घडायला परवानगी लागत नाही, वाचायला लागते! ही यंत्रं शब्द बघून दार लावतात. पण यंत्राला शब्द कुणीतरी माणूसच शिकवतो. त्या माणसाचं नाव कागदावर नाही, आणि दार उघडून मागायचा अर्जही कुठं नाही.

कायदा काय म्हणतो, तेही ऐका. २०१९ साली केरळमध्ये एका विद्यार्थिनीला हॉस्टेलातून काढलं, कारण संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल जमा करायला तिनं नकार दिला. केरळ हायकोर्टानं सांगितलं, इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला परत घ्यावं लागलं. २०१६ साली दिल्ली हायकोर्टानं विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावरचा बड्या प्रकाशकांचा दावा फेटाळला. शिकवण्यासाठी पुस्तकांतल्या उताऱ्यांच्या प्रती काढणं ही चोरी नव्हे, असं म्हटलं. आमच्या नियमवाल्यांनी यातलं काही वाचलेलं दिसत नाही. कॉम्प्युटर तर त्यांच्याच ताब्यात आहेत.

तळं भरलंय, हेही खरं. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिकं, सरकारी विद्यापीठं-कॉलेजांना खुली. पण कागदावर खुलं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवू नये. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनं तो आपल्या गावाला लावला १९२४ ला. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत आलं ते २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब पायऱ्या उतरले तेव्हा. त्यासाठीही डोकी फुटली.

म्हणून मागणी साधी आहे. नियम करणाऱ्या समितीत विद्यार्थी हवेत, त्यात आपली पोरं-पोरी हव्यात. शिष्यवृत्तीचा, परीक्षेचा, नोकरीचा अर्ज हे शैक्षणिक काम, असं स्पष्ट लिहा. अर्जांच्या दिवसांत खोली रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवा. साइट बंद करायची तर कारण आणि सहीनिशी. ओळखपत्र जप्त करण्याचं कलम काढा; ते गेलं की परीक्षेच्या हॉलचं दारही बंद होतं. निवेदन तयार आहे. सह्या गोळा करतोय, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, रोज दुपारी दोन वाजता.