टोमॅटोला कौतुक, मोहाला खटला

शहाद्यात आमच्या घरामागे टोमॅटोची बारा रोपं आहेत. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो. शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की पिकलेले टोमॅटो ठेचून गाळतो, त्यात लिंबू, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हिरवी मिरची आणि व्होडका घालतो. फोटो टाकला की मित्र 'एकदम लोकल' अशी दाद देतात. ही दाद खोटी आहे, आणि ती मुकाट्यानं घेणारा मीही.

यात लोकल काय आहे? टोमॅटो आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेली. व्होडका पूर्व युरोपची. दोन्ही एकत्र करणाऱ्या ब्लडी मेरीचं श्रेय बहुतेक वेळा १९२० च्या दशकातल्या पॅरिसच्या एका बारला दिलं जातं. त्याला माझी हरकत नाही. आलेली गोष्ट रुजली की आपली होते. पण जे पेय खरोखर इथलं, आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या सातपुड्यातलं आहे, त्याला आपण 'हातभट्टी' म्हणून नाक मुरडतो.

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. भिल्ल आणि पावरा बायका-मुलं ती वेचतात, वाळवतात. लग्नात, देवाच्या कार्यात मोहाची धार लागते. इंग्रजांनी १८९२ साली मुंबई इलाख्यात कायदा करून या फुलांवरच बंधनं आणली, कारण घरोघरी दारू गाळली गेली की अबकारी महसूल बुडायचा. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. २०२१ मध्ये राज्यानं फुलांवरचे निर्बंध सैल केले. म्हणजे फूल विका, पण घरी गाळलंत तर गुन्हा.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा माझा ग्लास पाहिला. "भाऊ, हे घरीच केलं?" मी अभिमानानं हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "माझ्या भावानं घरी केलं, तर गाडी आली त्याला न्यायला." त्या हसत होत्या. भाऊ अजून कोर्टाच्या तारखांना जातो, प्रत्येक तारखेला एक मजुरी बुडते. कायद्यानं मलाही व्होडका प्यायला परवाना लागतो. तो माझ्याकडे आहे का, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो याच तालुक्याचा आहे. १९७० च्या दशकात शहादा चळवळीतल्या आदिवासी बायकांनी गावोगावी दारूची मडकी फोडली. नवरे पिऊन मारायचे, मजुरी गुत्त्यात जायची. त्या बायकांपुढे 'आमची संस्कृती' हा शब्द उच्चारायची माझी लायकी नाही. पण त्यांनी मडकं फोडलं ते स्वतः ठरवून, आपल्याच गावात. रात्री येणारी गाडी कुणाच्याही बायकोला विचारून येत नाही. ती भावाला नेते, मावशीला जामीनदार शोधायला लावते आणि बाजारातलं बाटलीबंद दुकान चालूच राहतं.

म्हणून मागणी साधी आहे: हा निर्णय ग्रामसभेकडे द्या. १९९६ च्या पेसा कायद्यात अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, नियमन करण्याचा अधिकार सांगितलेलाच आहे. ज्या गावातल्या बायका 'नको' म्हणतील तिथे बंद, आणि बाटलीही बंद. जिथे 'चालेल' म्हणतील तिथे ठरलेल्या मर्यादेत गाळू द्या. हे अशक्य नाही. शहाद्याहून खेतियाला गेलं की मध्य प्रदेश लागतो. तिथे आदिवासींना घरच्यापुरती मोहाची दारू गाळायची मुभा आहे, आणि अलीकडे तिला 'हेरिटेज' म्हणून बाजारही मिळवून दिला जातोय. एका सीमेच्या अलीकडे आरोपी, पलीकडे वारसा.

आणि माझ्यासारख्यांनी तोवर एक करावं. उद्या शहरातल्या बारमध्ये मोहाचं कॉकटेल आलं, तर 'किती ऑथेंटिक' म्हणण्याआधी ते गाळणाऱ्यांपैकी किती जणांवर अजून खटले चालू आहेत, हे विचारावं. टोमॅटो मी यापुढेही लावीन, शनिवारी पीनही. फोटोखाली 'लोकल' मात्र लिहिणार नाही.