नावापुरती घरमालकीण

गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक परिचारिका आली. मारहाण नाही, हुंड्यासाठी छळ नाही, त्यामुळे आमच्या छापील फॉर्ममधल्या कुठल्या रकान्यात तिची तक्रार लिहावी हेच मला कळेना. तिने पिशवीतून बँकेची नोटीस काढली. पुण्याच्या उपनगरातला एक फ्लॅट, भाड्याने द्यायला म्हणून घेतलेला, तिच्या एकटीच्या नावावर. तीन हप्ते थकलेले. भाडेकरू मुलं परीक्षा संपताच निघून गेलेली. नवरा म्हणतो, घर तुझं, हप्ता तू भर.

"आणि इतके दिवस भाडं कुठे जात होतं?" मी विचारलं.

"यांच्या खात्यात. तिथूनच हप्ता जायचा. पण ताई, घर तर माझ्याच नावावर आहे ना?"

मैत्रिणींनो, हे नाव कसं लागलं ते बघू. एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात घराची खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर झाली तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव सोबत लावलं की सवलत गेली. 40 लाखांच्या घरावर 40 हजार वाचतात. लक्ष्मीमुक्तीच्या दिवसांत शेतकरी संघटनेने बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगितलं, तेव्हा नाव लागणं हाच लढा होता. आज शहरातला नोकरदार नवरा तेच नाव 40 हजारांत लावून घेतो आणि वर उपकाराची भाषा करतो. सवलतीला माझा विरोध नाही. ती मिळवताना बाईला कोणी काही विचारत नाही, याला आहे.

कारण कायदा नावापाशी थांबत नाही, पैसा कोणाचा तेही विचारतो. 1988 च्या बेनामी व्यवहार कायद्यात नवऱ्याने बायकोच्या नावावर घेतलेलं घर, उलट सिद्ध होईपर्यंत, तिच्याच हितासाठी घेतलं असं गृहीत धरलं जाई. 2016 च्या दुरुस्तीत हे गृहीतक गेलं. आता नवऱ्याने आपल्या ज्ञात उत्पन्नातून पैसे भरले असतील तर असं घर बेनामी ठरत नाही, आणि पैसे मी दिले, घर माझं, असं तो कोर्टात म्हणू शकतो. प्राप्तिकराचंही तेच. त्याच्या पैशातून घेतलेल्या घराचं भाडं बायकोच्या नावावर आलं तरी कर लावताना ते त्याचंच उत्पन्न धरतात. आमच्या परिचारिकेची गत मात्र उलटी. सुरुवातीची सगळी रक्कम तिच्या भविष्य निर्वाह निधीतली, म्हणून घर खरोखर तिचं. भाडं नवऱ्याच्या खात्यात, कराचं विवरणपत्र तिचं. ते भरतं कोण? नवऱ्याचा ओळखीचा सीए. ती सही करते.

बरं, हा व्यवहार तरी फायद्याचा होता का? मी तिच्यासमोर कागद घेऊन बसले. (समाजकार्याच्या एम. ए. ला आम्हाला गटकार्य शिकवलं, व्याज कोणी शिकवलं नाही. शेजारच्या पतपेढीतल्या बाईंना बोलावून आणलं.) घर 40 लाखांचं. बँकेने 80 टक्के, म्हणजे 32 लाख दिले. 8 लाख हिचे. 6 टक्के मुद्रांक शुल्क कर्जात धरत नाहीत, ते 2 लाख 40 हजारही हिचेच. नोंदणीची फी वेगळी. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता साधारण 27,800. सोसायटीचा खर्च 2,500. भाडं 12,000. म्हणजे फ्लॅट भरलेला असतानाही दरमहा 18,300 खिशातून, आणि रिकामा असला तर 30,300! भाड्यावर कर लागतो तो भरलेला महापालिकेचा कर आणि उरलेल्याचे 30 टक्के वजा करून. कर्जाचं व्याजही वजा होतं. पण नवी करपद्धती निवडली तर व्याजामुळे दिसणारा तोटा पगारातून वजा करता येत नाही. जुन्या पद्धतीत येतो, वर्षाला 2 लाखांपर्यंत. कुठली पद्धत निवडली हे तिला माहीतच नव्हतं.

आणि राखीव पैसे? सहा महिने घर रिकामं राहिलं तर 1 लाख 80 हजारांच्या वर हाताशी हवेत. तिच्याकडे 11 हजार होते. जे होतं ते सगळं सुरुवातीलाच घरात गेलं. भाडं थांबताच संसारात भांडण उभं राहिलं ते इथून. कर्जावर सह्या दोघांच्या आहेत, पण बँकेला अर्धं-अर्धं कळत नाही. ती पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडेही मागू शकते. तिने मागितली पगारदार बाईकडे.

आता आपल्याबद्दल. मी सभेत हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, "दुसरं घर घेणाऱ्या बायकांची काळजी आपण का करायची? आपलं काम बेघर बाईसाठी आहे." त्यांच्या आयुष्यभराच्या कामाबद्दल मला आदर आहे, आणि वस्तीत राहून दुसऱ्या घराचे हिशेब ऐकणं कानाला खुपतं हेही खरं. तरीही मी भांडले. पोटमाळा भाड्याने देणारी वस्तीतली विधवा आणि ही परिचारिका यांची अडचण एकच आहे. भाडं कोणाच्या हातात पडतं, करारावर काय लिहिलंय, अडीनडीला पैसा कुठे आहे, हे दोघींनाही कोणी सांगितलेलं नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. तो नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच खरं धरलं जातं, शिवाय शिक्षा मालकाला. त्या विधवेला हे ऐकून घाम फुटला होता. आपण बचत गटांत पै-पै जमवायला शिकवलं आणि मालकीचा विषय आला की तोंड फिरवलं. पैशाचं बोलणं म्हणजे भांडवलशाही, असं म्हणून ते नवऱ्यांवर सोपवून मोकळ्या झालो!

आमच्या छापील फॉर्ममध्ये मी आता हाताने एक रकाना आखते: घर कोणाच्या नावावर, भाडं कोणाच्या खात्यात, कर्जावर सही कोणाची.

परिचारिकेने बँकेत जाऊन थकलेले हप्ते सहा महिन्यांत फेडायची मुदत मागून घेतली. नवा भाडेकरू मिळाला, एक कुटुंब, 11,500 वर. करार नोंदवला आणि भाडं तिच्या खात्यात वळवलं. नवरा आठवडाभर बोलला नाही. ती रोज ड्यूटीवर जाते, दर महिन्याला 3,000 वेगळ्या खात्यात टाकते. एवढ्याने सहा महिन्यांची तजवीज व्हायला पाच वर्षं लागतील, हेही तिने स्वतःच कागदावर काढून मला दाखवलं. घर विकावं का, यावर आमचा अजून वाद चालू आहे.