ठरावाने उघडले, ठरावाने मिटले

वाचकहो, महाडच्या चवदार तळ्याची हकीकत आपल्या घरांतील लेकरांनाही पाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे तुम्हांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. परंतु त्याच हकीकतीत आणखी एक पात्र आहे आणि त्याच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ते पात्र म्हणजे महाडची नगरपालिका. तळे तिच्या ताब्यात होते, ते खुले करण्याचा ठराव तिने केला आणि तो ठराव रद्दही तिनेच केला. आज रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरण, पेण अशा शहरांत जी बौद्ध कुटुंबे राहतात, त्यांनी या दुसऱ्या पात्राची नीट ओळख करून घ्यावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

क्रम असा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळापुढे आला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, त्याचप्रमाणे सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय. कायदेमंडळाने तो संमत केला व पुढल्याच महिन्यात सरकारने त्याप्रमाणे हुकूम काढला. त्याला अनुसरून ५ जानेवारी १९२४ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तळ्याच्या काठावर काहीच बदलले नाही. तीन वर्षे तो कागद दप्तरात पडून राहिला. १९२७ च्या मार्चमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे लोक त्या कागदाचा अर्थ प्रत्यक्षात आणावयास निघाले, तेव्हा त्यांची डोकी फुटली आणि पुढे १०८ घागरी ओतून पाण्याची शुद्धी करण्यात आली. मग ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव मागे घेतला. बोले यांच्या ठरावाला त्याच तारखेस चार वर्षे पूर्ण होत होती. महाडच्या सभासदांनी ती तारीख मुद्दाम निवडली असेल असे आम्ही म्हणत नाही. बहुधा त्यांना तिची आठवणही नसावी.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. या नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले सुरेंद्रनाथ टिपणीस हे सवर्ण असूनही आपल्या चळवळीच्या बाजूने उभे राहिले होते. म्हणजे नगराध्यक्षाच्या खुर्चीवर सज्जन मनुष्य लाभला होता. लाभला नव्हता तो मतदार. त्या काळी नगरपालिकेचे मत कर आणि मालमत्ता यांच्या अटीवर मिळत असे. ज्यांना तळ्यावरून हाकलले, त्यांच्या मताची भीती नगरपालिकेच्या सभासदांना असण्याचे कारणच नव्हते. उलट ज्यांनी हाकलले, त्यांच्याच मतांवर ते पुन्हा निवडून यावयाचे होते.

पुढचा भाग न्यायालयातला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्ण गृहस्थांनी बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दावा लावला आणि मनाईहुकूम मिळविला. तळे खाजगी आहे व अस्पृश्यांस तेथे मज्जाव असण्याची वहिवाट अनादिकालापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे. १९३१ साली दावा फेटाळला गेला, १९३३ साली ठाण्याच्या अपिलात तोच निकाल कायम झाला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा शब्द दिला. तळे नगरपालिकेचे आहे व सांगितलेली वहिवाट प्राचीन असल्याचे सिद्ध झालेले नाही, या दोन खुंट्यांवर तो निकाल टांगलेला आहे. वकिलीच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर आम्हांस त्या निकालातील पहिली खुंटी अधिक मोलाची वाटते. तळे कोणा सावकाराचे किंवा देवस्थानचे असते, तर? ते नगराच्या सार्वजनिक संस्थेचे होते, म्हणूनच आपला हक्क टिकला. आणि तरीही त्या हक्काला दहा वर्षे लागली, कारण तीच सार्वजनिक संस्था आपल्याविरुद्ध बसली होती. जे न्यायालयाने दहा वर्षांनी दिले, ते नगरपालिकेने एका बैठकीत दिले होते व एका बैठकीत काढूनही घेतले होते.

यावर कोणी म्हणेल की, बाबासाहेबांचा स्थानिक स्वराज्यावर विश्वासच नव्हता, मग तुम्ही आम्हांस नगरपरिषदेच्या पायऱ्या का चढावयास लावता? घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी खेड्यांच्या तथाकथित गणराज्यांवर केलेली टीका सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्याबरोबर त्यांचे १९३२ चे भाषणही वाचावे. मुंबई कायदेमंडळापुढे ग्रामपंचायतीचे विधेयक आले असता त्यांनी हरकत घेतली ती अस्पृश्यांना खात्रीचे प्रतिनिधित्व न देता गावाच्या हाती सत्ता सोपविण्यास. ज्या पंचायतीत आमचा माणूस नाही, ती आमच्यावर राज्य करणार, हे त्यांना मान्य नव्हते. प्रतिनिधित्वाची ही अट तुम्ही वगळलीत, तर त्यांचे म्हणणे अर्धेच राहते.

ती अट घटनेत येण्यास १९९३ साल उजाडावे लागले. ७४ वी घटनादुरुस्ती त्या वर्षी १ जूनपासून अमलात आली. अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, स्त्रियांना किमान एक तृतीयांश (आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या), पाच वर्षांची मुदत आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक, असा तिचा सांगाडा आहे. पाणी, गलिच्छ वस्त्यांची सुधारणा, दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, एवढेच नव्हे तर स्मशानभूमीसुद्धा नगरांच्या कामांच्या यादीत लिहिलेली आहे. यातील प्रत्येक शब्द आपल्या वस्तीच्या उंबरठ्याशी येऊन थांबतो.

पण पाच वर्षांच्या मुदतीचे काय झाले, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. २०१६ च्या अखेरीस निवडलेल्या नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि नव्या निवडणुकीचे मतदान झाले ते डिसेंबर २०२५ मध्ये. तेही सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी खडसावल्यानंतर. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, अशी कारणे अनेक सांगण्यात आली आणि त्यांतील काही खरीही होती. परंतु निवडणूक वेळेवर घेणे ही घटनात्मक सक्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच किशनसिंग तोमर यांच्या प्रकरणात सांगून ठेवले होते. जुलै २०२१ च्या महापुराने महाड बुडाले. गाळ, घरे, पाणी यांविषयी नगराने सर्वांत अधिक प्रश्न विचारावेत असा तो काळ होता, आणि थोड्याच महिन्यांत ते प्रश्न ज्यांना विचारावयाचे ते सभागृहच उरले नाही.

प्रशासकाचा कारभार कसा चालतो, हे आम्ही एकदा जवळून पाहिले. याच जिल्ह्यातील एका शहरात आपल्या वस्तीच्या गटाराचे काम मंजूर होऊनही सुरू होईना. वस्तीतील दोन बायांना घेऊन आम्ही माहितीच्या अधिकारात ठरावाचे दप्तर पाहावयास गेलो. विषय मांडणारे मुख्याधिकारी आणि मंजुरी देणारे प्रशासक, दोन्ही ठिकाणी सही एकाच गृहस्थांची. गटाराची रक्कम दुसऱ्या कामाकडे वळविण्याचा ठराव त्यांनी स्वतःपुढे मांडला होता व स्वतःच मंजूर केला होता. त्यांतील थोरल्या बाईंनी विचारले, "वकीलसाहेब, मग या बैठकीला बसलं तरी कोण होतं?" आम्हांस काही उत्तर सुचले नाही.

आता नगरसेवक निवडून आले आहेत, म्हणून हा प्रश्न मिटला असे समजू नका. कायद्यातच एक मोठे भगदाड आहे. घटनेने प्रभाग समिती सक्तीची केली ती तीन लाख व त्यांहून अधिक लोकसंख्येच्या नगरांसाठी. आपल्या जिल्ह्यात त्या मापात बसते ती २०१६ साली स्थापन झालेली पनवेल महानगरपालिका तेवढी. २०११ च्या जनगणनेत अलिबागची लोकसंख्या २१ हजारांच्या व महाडची २८ हजारांच्या आत होती. हे उलटे गणित पाहा. पाचपंचवीस घरांची बौद्धवाडी ज्या गावात आहे, त्या गावाला ग्रामसभा आहे, आणि तेथे उभे राहून सरपंचाला हिशेब विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. तेच कुटुंब पोटासाठी उठून तालुक्याच्या शहरात आले की हा अधिकार गावाच्या वेशीवरच राहतो. शहरात त्याला पाच वर्षांतून एकदा बोट दाखविता येते, तोंड उघडता येत नाही. २००९ साली राज्याच्या नागरी कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद आली खरी, पण केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेचा पैसा मिळण्यास तशा कायद्याची अट होती, हे विसरून चालणार नाही. वाचकांपैकी ज्या कोणास आजवर क्षेत्रसभेचे बोलावणे आले असेल, त्याने आम्हांस अवश्य कळवावे. त्याचे पत्र आम्ही पहिल्या पानावर छापू.

सबब आमची मागणी स्पष्ट आहे. लहान नगरांतही प्रत्येक प्रभागाची मतदारसभा ग्रामसभेप्रमाणे कायद्याने सक्तीची व्हावी, आणि मागासवस्तीचा निधी दुसरीकडे वळविण्याचा कोणताही ठराव त्या सभेपुढे आल्यावाचून वैध ठरू नये. नगराध्यक्ष थेट जनतेने निवडावा की नगरसेवकांनी, यावर मात्र आम्ही शाई खर्च करीत नाही. २०१६ साली थेट निवड आली, २०२० साली गेली, २०२२ साली परत आली. ज्या पक्षाला जेव्हा जे सोयीचे, तेव्हा ते लोकशाहीचे. टिपणिसांसारखा अध्यक्ष असूनही महाडचा ठराव टिकला नाही, एवढे आपल्याला पुरे आहे.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना येथे एक वडीलकीचा सल्ला द्यावासा वाटतो, कारण त्यांच्याकडूनच ही चूक अधिक होते. राखीव जागेवर उभे राहावयाचे तर जातीचे प्रमाणपत्र लागते, आणि वैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर झाले नाही तर जिंकलेली जागाही जाते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राच्या कायद्यानेही मिळालेला आहे. त्यापूर्वी धर्मांतर म्हणजे केंद्राच्या सवलतींवर पाणी, अशी स्थिती होती. परंतु हा दर्जा सिद्ध होतो तो पूर्वजांच्या कागदांवरून. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, सातबाऱ्यावरील किंवा इनामाच्या नोंदीतील नाव, हे पुरावे समिती मागते. आम्ही जात टाकली, हे योग्यच केले, पण तो संताप काही घरांत जुन्या ट्रंकेतील कागदांवरही निघतो आणि ते चुलीत जातात. कागद जाळू नका. सुनेला उभे करावयाचे असेल तर तिच्या माहेरचे कागद लागतील, सासरचे चालणार नाहीत. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या उमेदवार बायांची धावपळ अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी सुरू होते.

दुसरे काम याहून सोपे आहे. आपल्या शहराच्या सर्वसाधारण सभेला जाऊन मागे बसावे. नगरसेवक राखीव जागेवरून आला असेल, तर त्याच्यासाठी हे अधिकच आवश्यक आहे. पुढील सोडतीत त्याचा प्रभाग खुला होईल व त्याला तिकीट दुसऱ्याच्या मर्जीवर मिळेल. तेव्हा त्याने आज कोणाकडे पाहून हात वर केला, हे त्याच्या वस्तीने पाहिलेले बरे. आणि प्रशासकाच्या काळातील ठरावांचे दप्तर अजून कचेरीतच आहे. आपल्या वस्तीच्या नावावर २०२२ पासून किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली व किती वळविली, एवढे तीन प्रश्न एका कागदावर लिहून जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्यावेत. उत्तर देण्यास त्यांना ३० दिवसांची मुदत आहे. अर्जास १० रुपये लागतात, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही लागत नाहीत.