वाया गेलेली पोरं

मागच्या महिन्यात एका तालीमी जलशात वक्ते तावातावाने म्हणाले, "आपली पोरं गॅरेज आणि कार डेकोरच्या दुकानांत वाया चालली आहेत." टाळ्या पडल्या. स्टेजवर मीही होतो आणि गप्प बसलो. त्याची लाज वाटते म्हणून हे लिहितोय.

वाया म्हणजे काय? माझा एक जुना विद्यार्थी, दहावीला गणितात राहिलेला, गाडीच्या आतल्या पॅनलवर व्हिनाइल रॅप चढवतो. परवा दोन तास त्याच्या शेजारी बसलो. लोक डॅशबोर्ड चमकवायला जे पॉलिश मारतात त्यात बऱ्याचदा सिलिकॉन असतं. ते पुरतं निघाल्याशिवाय फिल्म धरत नाही. म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, खाचाखोचांसकट. मग हीटगनने फिल्म मऊ करायची, पण ओढायची कमी. जास्त ओढलेली फिल्म उन्हात उभ्या गाडीत आकसते आणि कडा सुटतात. सपाट पट्टीला स्वस्त कॅलेंडर्ड फिल्म चालते, गोलाईला महागडी कास्टच लागते. "सर, फिल्मला आठवण असते. शेवटी पुन्हा तापवून ती पुसायची," तो म्हणाला. बी.एड.ला मी पाठ-नियोजन शिकलो. इतका नेटका पाठ क्वचितच घेतला असेल.

तेवढ्यात त्याचा हात प्रवाशाच्या समोरच्या भागाकडे गेला. तिथे 'एसआरएस एअरबॅग' अशी इंग्रजी अक्षरं होती. ते झाकण एअरबॅग फुगताना ठरावीक रेषेवर फाटावं अशी त्याची घडण असते. वरून सलग फिल्म चिकटवली तर ते तसं उघडेल याची खात्री राहत नाही. १ एप्रिल २०२१पासून आपल्याकडे नव्या मॉडेलच्या गाड्यांत पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे हा प्रश्न आता रोजचा. विचारलं, "इथंही लावतोस?"

"गिऱ्हाईक मागतं, सर. लावतो."

अक्षरं त्याला वाचता येत होती. आमच्याच शाळेत शिकला ती. अर्थ मात्र कुणी सांगितला नव्हता, आणि फिल्मबरोबरचा सूचनांचा कागदही इंग्रजीत.

आता सांगा, वाया कोण गेलं? अत्तार, बागवान, शिकलगार, मणियार ही आडनावं आपण मिरवतो. ती सगळी धंद्यांवरून आलेली. हज़रत दाऊद अलैहिस्सलाम हातच्या कमाईवर जगत, हे मिंबरवरून ऐकून माना डोलावतो. आणि तोच हात आपल्या मोहल्ल्यात हीटगन धरतो तेव्हा त्याला जाहिल म्हणतो. मुशायऱ्याला हॉल मिळतो, स्मरणिका छापायला पैसे मिळतात. या पोरांसाठी उर्दूत किंवा मराठीत एक पान लिहावं असं आम्हा भाषेच्या मास्तरांना वीस वर्षांत सुचलं नाही. मुलांनी शाळा सोडावी असं मी म्हणत नाही. पण जे सोडून गेले, त्यांचं शिक्षण आम्ही त्या दिवशीच संपवून टाकलं.

रविवारी आम्ही दोघांनी मिळून ते पान लिहायला घेतलं. पहिली ओळ: एअरबॅगच्या झाकणावर फिल्म लावायची नाही. दुसऱ्या ओळीतला माझा 'ताण' त्याने खोडला. "दुकानात असं कोणी बोलत नाही, सर. 'खेचू नका' लिहा."