कप उकळता येतो का?

तर मंडळी, या वीकेंडचा विषय जरा बोअर वाटेल: नेब्युलायझरची साफसफाई. पण पाच मिनिटं द्याच.

भिवंडीत हे यंत्र काही नवलाईचं नाही. पॉवरलूमचं गाव, हवेत सुताची तूस, त्यात दम्याचा त्रास असणारे. मेडिकलमध्ये गेलो की आपण काय विचारतो? किंमत किती, वॉरंटी किती, आवाज फार करतं का. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा: औषधाचा कप उकळता येतो का?

दमेकऱ्यालाही हा प्रश्न लागू आहेच. पण सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलासाठी तो जिवाशी गाठ असलेला प्रश्न. हा जन्मजात आजार सीएफटीआर नावाच्या जनुकातल्या बिघाडामुळे होतो (जनुक सापडलं १९८९ साली). पेशींमधून क्षार आणि पाणी नीट ये-जा करत नाही, फुफ्फुसातला कफ चिकट होतो आणि त्यात जंतू ठाण मांडतात. त्यातला स्यूडोमोनास तर ओलाव्याचा भक्त. आता विचार करा, ओलसर कपात तो वाढला, तर आपण औषधाबरोबर त्यालाही थेट फुफ्फुसात पाठवतोय!

२०१९ मध्ये अमेरिकेत तीन औषधांची एकत्र गोळी मंजूर झाली. चमत्कारच म्हणा, पण सुरुवातीची किंमत वर्षाला ३ लाख डॉलरच्या वर. आपल्याकडच्या सामान्य घराला ती कुठून परवडणार? तिथे मदार रोजच्या वाफेवरच, म्हणजे कपावरच.

पद्धत सोपी आहे. दर वेळी वापरून झालं की भाग सुटे करा, भांड्यांच्या साबणाने धुवा. साबणाने मळ निघतो, सगळे जंतू मरत नाहीत. म्हणून रोज ५ मिनिटं खळखळ उकळा. मग पूर्ण वाळवा. हवेची नळी मात्र पाण्यात घालायची नाही. व्हिनेगर पुरेसं नाही, त्याच्या नादी लागू नका. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटं बुडवलं तरी चालतं, पण नंतर नळाखाली धरलंत की सगळं अनडू! तिथे उकळून गार केलेलं पाणीच हवं. उकळण्यात ही भानगडच नाही, म्हणून माझं मत उकळण्याला.

अडचण अशी की काही स्वस्त कप उकळल्यावर वेडेवाकडे होतात. म्हणून तो प्रश्न विकत घेतानाच विचारायचा, आणि कपाचे दोन सेट घ्यायचे. पावसाळ्यात आपल्याकडे रुमालसुद्धा वाळत नाही, कप काय वाळणार? एक वापरात, एक वाळत. वाळत ठेवायचा तोही खिडकीपासून लांब, तुसाचा थर बसणार नाही अशा जागी.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की कळते: जी प्रोसेस दमलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता जमत नाही, ती कागदावरच राहते. दिवसातून तीन-चार वेळा वाफ देणाऱ्या आईला बारीक इंग्रजीतलं माहितीपत्रक देऊन कंपन्यांनी हात झटकू नयेत. खोक्यावर ठळक मराठीत चारच शब्द छापा: धुवा, उकळा, वाळवा, झाका. आणि कप उकळता येत नसेल, तर तेही तिथेच लिहा.

बघा पटतंय का.