घरांतले प्रयोग आणि वडील माणसें

गेल्या महिन्यांत आमच्या विठ्ठलवाडीच्या बिऱ्हाडीं एक लहानसा खटला उभा राहिला. नववींत शिकणाऱ्या आमच्या नातवानें माळ्यावरच्या बंद खोलींत मिठाच्या पाण्याच्या बाटलींत पेन्सिलीचीं दोन शिसें बुडविलीं, त्यांस वीज जोडली आणि निघणारा वायु नळीनें फुग्यांत भरण्यास आरंभ केला. उदबत्ती लावून घरभर फिरणाऱ्या आमच्या वहिनी तेथें पोंचल्या मात्र, सारें घर गोळा झालें. "हें सगळें आधीं उकिरड्यावर टाका," असा वहिनींचा निकाल. "पोरगा कांहीं चोरी करीत नाहीं," असें मुलाच्या बापाचें म्हणणें. शेवटीं न्याय करण्याचें काम आम्हांकडे आलें.

वहिनींची भीति निराधार नव्हती. २६ मे २०१६ व पुनः २३ मे २०२४ रोजीं डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत झालेले स्फोट या टापूंतील माणसें विसरलेलीं नाहींत. परंतु भिऊन बंदी घालावी, तर मूल तोच प्रयोग आमच्या पाठीमागें करील, हेंही तितकेंच खरें.

आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. पदार्थविज्ञान आमचा विषय नव्हे. तरी या बाबतींत बोलण्याचा अधिकार आम्हांस एका चुकीनें दिला आहे. शास्त्राचे मास्तर रजेवर असतां त्यांचा तास आम्हांकडे आला. मुलांस रिकामें कां बसवावें, म्हणून पुस्तक उघडून आम्हीं जस्तावर सौम्य गंधकाम्ल ओतलें आणि नळीच्या टोंकाशीं येणाऱ्या हायड्रोजनला लागलीच काडी लावली. बाटलींतील हवा अगोदर पूर्ण निघून जाऊं द्यावी, ही सूचना त्याच पानावर खालीं होती. तेथवर आम्हीं वाचलें नव्हतें. बाटलीचा चक्काचूर झाला. पहिल्या बांकावरील मुलाच्या भुवईंत कांच शिरली. डोळा अर्ध्या बोटानें वांचला. त्याच्या आईसमोर उभें राहतांना आमची जी अवस्था झाली, ती आजही आठवते.

म्हणून प्रथम कारण समजून घ्यावें. शुद्ध हायड्रोजन नळीच्या टोंकाशीं शांतपणें जळतो. हवेंत मिसळला कीं स्फोट पावतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ४ पासून ७५ पर्यंत कितीही असलें, तरी मिश्रण पेट घेतें. स्वयंपाकाच्या गॅसची हीच मर्यादा २ ते ९ च्या सुमारास आहे. हायड्रोजनला वास नाहीं, रंग नाहीं, आणि दिवसा त्याची ज्योतही नीट दिसत नाहीं. त्यास पेटविण्यास काडीच लागते असें नव्हे. नायलॉनच्या सदऱ्यांतून, किंबहुना सोवळ्याच्या रेशमांतून उडणारी ठिणगीही पुरे. हायड्रोजन भरलेली हिंडेनबुर्ग वायुनौका ६ मे १९३७ रोजीं अमेरिकेंत जळाली, तेव्हां ३६ माणसें गेलीं.

आमच्या नातवाची चूक याहून मोठी होती. विजेनें पाणी पृथक् केलें कीं एका टोंकाशीं प्राणवायु व दुसऱ्याशीं त्याच्या दुप्पट हायड्रोजन निघतो. एकाच बाटलींत दोन्ही गोळा केले, म्हणजे स्फोटास लागणारें सारें साहित्य आपणच जमविलें. त्यांत पाण्यांत मीठ असल्यामुळें छातीस घातक असा क्लोरीन वायुही निघतो. मिठाऐवजीं खाण्याचा सोडा वापरावा.

आम्हीं निकाल दिला तो असा. प्रयोग चालूं राहावा. पण बंद खोलींत नव्हे, गच्चीवर मोकळ्या हवेंत. मुलानें एकट्यानें करूं नये. डोळ्यांवर चष्मा व अंगांत सुती कपडे असावेत. वीज नऊ व्होल्टच्या कोरड्या बॅटरीचीच. घरांतील २३० व्होल्टला हात लावूं नये. वायु दोन निराळ्या परीक्षानळ्यांत घ्यावा. फुग्यांत किंवा झांकलेल्या बाटलींत कधींही साठवूं नये. आणि कृति आरंभण्यापूर्वीं पान शेवटपर्यंत मोठ्यानें वाचावें.

विजेच्या मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरची गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ असावी. कोणास झटका बसला, तर त्यास हात न लावतां आधीं मुख्य कळ बंद करावी. आमच्या खिडकीसमोरून जाणाऱ्या रेल्वेच्या तारेंत तर २५,००० व्होल्ट असतात. ती वीज स्पर्शाची वाट पाहत नाहीं, जवळ आलेल्या वस्तूवर उडी घेते. तेथें अडकलेल्या पतंगाचा नाद सोडावा.

घरांत गॅसचा वास आला, तर विजेची कळ लावूंही नये, बंदही करूं नये. रेग्युलेटर बंद करून दारें-खिडक्या उघडाव्या आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकास कळवावें. हा वायु हवेहून जड असल्यानें जमिनीलगत व मोरींत सांचतो.

निकाल ऐकून नातवानें विचारलें, "आजोबा, आपल्या इन्व्हर्टरची बॅटरी भरतांना हायड्रोजनच निघतो ना?" बॅटरी होती देवघराच्या बंद कोनाड्यांत, समईच्या खालीं! चार वर्षें ती तेथें होती, आणि घरांतील एकाही वडील माणसास तें सुचलें नव्हतें. त्याच सायंकाळीं ती वारा खेळणाऱ्या गॅलरींत हलविली.

पुढल्या रविवारीं गच्चीवर प्रयोग झाला. परीक्षानळी उलटी धरून नातवानें तोंडाशीं काडी नेली. "भप्" असा लहानसा आवाज झाला. दाराशीं उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "एवढ्यासाठींच होय?" आणि तेथेंच उभ्या राहून त्यांनीं दुसरी नळी पाहिली.